चार मिनिटांची सही

अण्णा,

गेल्या मंगळवारी ठाण्याच्या कचेरीत, तीन माणसांच्या देखत, मी तुमच्या मुलाचं बोलणं अर्ध्यावर कापलं. तुम्ही असतात तर मान डोलावली असतीत, कारण ही कला मी तुमच्याच हाताखाली शिकले. फरक इतकाच की या वेळी पकडली गेले. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आईला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तुमच्या मागे आम्ही दोघं भावंडं काय करून बसलोय ते कुणाला तरी सांगावं असं वाटलं, आणि बाकीची माणसं जिवंत असल्यामुळे मध्ये मध्ये बोलतात. तुम्ही जन्मभर टाइमकीपर. कंपनीच्या गेटवर काचेच्या केबिनमध्ये बसून उशिरा येणाऱ्याच्या कार्डावर लाल शेरा मारायचात. मला पोचायला किती उशीर झालाय, तोही शेरा मारून ठेवा.

आधी घराचं सांगते, कारण सुरुवात तिथून झाली. कोपरची आपली बिल्डिंग पाडणार आहेत. हल्ली इकडे पुनर्विकासाशिवाय दुसरा विषय नाही. लग्न जमवताना लोक मुलाच्या पगाराआधी बिल्डिंगचं वय विचारतात. आपल्याकडेही बिल्डर आला, सभेत पडद्यावर चित्रं दाखवून गेला, चित्रातली सगळी माणसं गोरी होती आणि गॅलरीत उभी राहून कॉफी पीत होती. आईने जाताना तळमजल्याचं घर आम्हा दोघांच्या नावावर केलं, त्यामुळे करारावर दोघांच्या सह्या हव्यात. बिल्डरचा वकील कागद घेऊन घरी आला तेव्हा धाकटा गॅलरीत चाकांच्या खुर्चीत बसून वरच्या मजल्यावरच्या काकांशी बुद्धिबळ खेळत होता. हा त्याचा रोजचा दरबार. तो बोटांच्या पेरांनी मोहरा ढकलतो, त्याच्या धक्क्याने शेजारचे दोन पडतात, ते समोरच्याने उचलून जागेवर ठेवायचे असा नियम आहे. लबाडी कोणी करत नाही, कारण पट त्याच्या डोक्यात असतो. वकिलाने पट पाहिला नाही. त्याने वळलेलं मनगट पाहिलं, हनुवटीवरची लाळ पाहिली, आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "मॅडम, यांचे लीगल गार्डियन कोण?"

"माझे कोण आहेत?" मी म्हटलं.

तो हसला नाही. त्याने बँकेच्या कागदाची प्रत पुढे केली. "इथे अंगठा आहे. म्हणजे सही येत नाही. उद्या कोणी म्हणालं की यांना कळतच नव्हतं, तर करार लटकला. तुम्ही पालकत्वाचा दाखला आणा, मग दोन्हीकडे तुम्ही एकटीनेच सही करा. सोपं आहे."

सोपं आहे हे ऐकून मला बरं वाटलं, हे मात्र लिहून ठेवते. बिल्डिंग उभी राहायला तीन वर्षं लागणार आणि त्या तीन वर्षांचं मी मनात सगळं ठरवून टाकलेलं. त्याला ठाण्याला माझ्याकडे न्यायचं, पाचव्या मजल्यावर, मागच्या खोलीत, जिच्या खिडकीतून समोरच्या टॉवरचे पाण्याचे पाइप दिसतात. नवऱ्याला सांगून झालं, मुलीला सांगून झालं, पलंग सरकवून पाहिला. धाकट्यालाही सांगितलं. तो म्हणाला, नाही, मी कोपर सोडणार नाही, इथेच तळमजल्यावर एक भाड्याची जागा बघ, मावशी आहेत, माझे बुद्धिबळवाले आहेत. मी म्हटलं, "बघू." आपल्या घराण्यात 'नाही' असंच म्हणतात हे तुम्हाला मी काय सांगायचं. मला भीती वाटत होती अण्णा, खोटं कशाला बोलू. मावशी आजारी पडल्या तर? त्याला सांभाळणाऱ्या त्या एकट्याच, पलीकडच्या गल्लीतून कामाला येतात, आणि त्यांचेही गुडघे माझ्यासारखेच कुरकुरतात. एमआयडीसीत कुठे काही फुटल्याचं ऐकलं की माझा पहिला फोन कोपरला जातो आणि तो उचलला जाईपर्यंत मी उभी असते. दाखला हातात आला असता तर 'बघू' म्हणायचीही गरज उरली नसती. मला कोणालाच विचारावं लागलं नसतं. त्यालासुद्धा.

म्हणून ठाण्यात एक वकील गाठली. माझ्या मुलीच्या वयाची, पण समोरच्याला ऐकताना टेबलावरचा फोन उलटा ठेवणारी. तिने पहिला प्रश्न घराचा विचारलाच नाही. म्हणाली, "जन्माच्या वेळी काय झालेलं?" मी आईने सांगितलेलं सांगितलं: कळा दुपारपासून, डॉक्टर आले दिवेलागणीला, बाळ रडलंच नाही, निळं पडलेलं. आणि मग पुढची तीन वर्षं घरातली निदानं. तुमच्या आईने ग्रहणात विळी हातात घेतल्याचा ठपका आईवर ठेवला. आईला ग्रहण कधी होतं तेही आठवत नव्हतं, पण तिने वाद नको म्हणून कबूल करून टाकलं. मालिशवाल्याने वात सांगितला आणि दोन वर्षं घराला तेलाचा वास लावला. शेवटी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात एका डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला सेरेब्रल पाल्सी हा शब्द सांगितला आणि तुम्ही तो बसच्या तिकिटामागे लिहून आणलात. मला ती रात्रीची पंगत लख्ख दिसते. मी नऊ वर्षांची, तुम्ही भात कालवताय आणि आईला समजावताय की मेंदूचा जो भाग स्नायूंना हुकूम सोडतो त्याला जन्माच्या आसपास इजा झाली, ती वाढणार नाही आणि पुसलीही जाणार नाही, हुकूम चुकीचे सुटतात म्हणून हात वळतो, जीभ अडते, पण अक्कल शाबूत असू शकते. "शाबूत आहेच," आई म्हणते. इतकं स्वच्छ मला नंतर कुठल्या डॉक्टरनेही सांगितलं नाही. आणि दुसऱ्या दिवशीपासून तुम्ही बिल्डिंगभर काय सांगत सुटलात? पोलिओ. आईने विचारलं तेव्हा म्हणालात, "पोलिओ लोकांना लगेच कळतो गं. ते दुसरं सांगण्यात त्यांचा वेळ जातो."

"तेव्हाचे कागद आहेत?" वकील मुलीने विचारलं.

"परत दिले."

"कोणाला?"

"डॉक्टरांनाच. त्यांचा निरोप आला की केसपेपर रेकॉर्डसाठी हवेत. वडील स्वतः देऊन आले." मग म्हटलं, सांगून टाकू. "रिकाम्या हाताने कसं जायचं, आणि मुलगा झाल्याचे पेढे द्यायचे राहिलेच होते, म्हणून पेढेही घेऊन गेले."

तिने पेन खाली ठेवलं. वकिलांना धक्का बसलेला मी फार वेळा पाहिलेला नाही. "नक्कल उतरवून घेतली होती?" मी मान हलवली. ती म्हणाली, "हे बघा, दर वेळी कोणाची चूक असतेच असं नाही. पुष्कळदा नसतेच. पण होती की नव्हती ते बघायला तरी कागद लागतो ना? आता आईबाप येतात त्यांना मी पहिलं हेच सांगते, डॉक्टरांशी गोड बोला, भांडू नका, पण सगळ्या कागदांच्या प्रती लेखी मागा, त्या द्याव्याच लागतात. ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांच्या आत जायचं. तुमच्या भावाचं वय..." तिने कागदावर पाहिलं. "राहू द्या."

मग ती आताच्या मुद्द्यावर आली. "पालक हवाय कोणाला? त्याला, तुम्हाला की बिल्डरला?" मी म्हटलं, सोयीसाठी. "कोणाच्या?" मला तिचा राग आला, म्हणजे ती हुशार होती. तिने सांगितलं की अशा अर्जांसाठी जिल्ह्यात एक समिती असते, सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसांचाही त्यात समावेश होतो, पण नव्या कायद्याने हवा बदललीय. सगळं त्याच्या वतीने ठरवणारा पालक आता सहज नेमत नाहीत. जिथे लागेल तिथे, लागेल तेवढीच मदत, आणि तीसुद्धा त्याच्या इच्छेने. "ते त्याला विचारणार. तुम्हाला नाही. त्याचं बोलणं कळतं कोणाला?"

"मला," मी म्हटलं. "फक्त मलाच."

हे वाक्य मी चाळीस वर्षं बोलत आलेय आणि दर वेळी मला ते बोलताना थोडं उंच झाल्यासारखं वाटतं. पण ते कसं सुरू झालं ते तुम्हाला आठवतं का? आपल्याकडे सत्यनारायण होता. तुमचे कंपनीतले साहेब आले होते, त्यांच्यासाठी शेजारून खुर्ची आणलेली. मी बारा वर्षांची, धाकटा सहाचा, भिंतीला टेकवून उशांमध्ये बसवलेला. साहेबांनी प्रसादाचा शिरा खाता खाता त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "देवाचं मूल आहे हो. सुखी आहे. याला काय कळतंय?" धाकट्याची मान वाकडी झाली, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि तो बराच वेळ घेऊन एक वाक्य बोलला. साहेबांनी मला विचारलं, "काय म्हणतोय?" मी बापडी खरं तेच सांगितलं. "तो म्हणतोय, तुम्ही तिसऱ्यांदा शिरा घेतलात, एवढं कळलं."

साहेब हसले, पण वाटी खाली ठेवून. पाहुणे गेल्यावर तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत. आई कढई घासत होती, तिने पाणी बंद केलं. तुम्ही ओरडला नाहीत, तुम्ही कधीच ओरडला नाहीत, तोच तर त्रास होता. म्हणालात, "बाय, तो बोलतो ते सगळं सांगायचं नसतं. माणसं कामाधामातून वेळ काढून येतात. त्यांना बरं वाटेल तेवढं सांगायचं." मी विचारलं, "आणि बाकीचं?" तुम्ही म्हणालात, "बाकीचं आपल्याला कळलं ना, बस झालं." त्यानंतर महिन्याभरात तुमच्या आत्या आल्या. धाकटा काहीतरी म्हणाला, काय ते आता आठवत नाही, पण आत्यांना ते आवडलं नसतं. मी म्हटलं, "नमस्कार करतो म्हणतोय." आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही माझ्याकडे पाहून किंचित मान हलवलीत, गेटवर वेळेत आलेल्या कामगाराकडे पाहून हलवायचात तशी. आणि धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. ते मी तेव्हा बघितलं नाही असं ठरवलं.

तुम्ही वाईट होतात असं मी म्हणत नाही. तुम्हाला लोकांच्या वेळेची फार कदर होती, आणि तुमच्या घरात नेमका असा मुलगा जन्माला आला ज्याला सगळ्या गोष्टींना वेळ लागतो. कंपनीतली वापरून झालेली हजेरीची कार्डं तुम्हीच आणून दिलीत त्याला, दोरीने बांधून, जाड पुठ्ठ्याची, कोरी बाजू वर करून. "याच्यावर सही गिरव. अठरा पूर्ण झाली की बँकेत खातं उघडू. माझ्या मुलाची सही पाहिजे तिथे." महिनाभर तो गिरवत होता. पेन रबराच्या तुकड्यात खोचून, मनगट आईने धरलेलं, मग मनगट सोडलेलं. पहिल्या कार्डावर नुसतं कोळ्याचं जाळं आहे. शेवटच्या पाचसहा कार्डांवर पूर्ण नाव वाचता येतं. तुम्ही घड्याळ लावून बघितलं होतंत. चार मिनिटं.

मग तो बँकेतला सोमवार. मी तुमच्याबरोबर होते, खुर्ची ढकलायला. काउंटरवर आमच्या मागे रांग, पुढे कारकून. त्याने फॉर्म सरकवला, धाकट्याने पेन धरलं. पहिलं अक्षर झालं. मागून कोणीतरी घसा खाकरला. कारकून काही बोललासुद्धा नाही अण्णा, त्याने फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आणि तुम्ही धाकट्याच्या हातातलं पेन काढून घेतलंत, हळूच, जेवताना ताटातली माशी उडवावी तसं, आणि म्हणालात, "अंगठा घ्या साहेब. उगीच तुमचा खोळंबा." मागच्या माणसाने तुमचे आभार मानले. घरी आल्यावर आईने ओट्यापाशी बसून त्याच्या अंगठ्याची शाई खोबरेल तेलाने काढायला घेतली. शाई निघून गेल्यावरही आई चोळत राहिली. तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "सवड मिळाली की बदलून घेऊ." धाकटा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोलला नाही, आणि घरात कोणाच्या लक्षात आलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं. तोच अंगठा अठ्ठावीस वर्षांनी बिल्डरच्या वकिलाने माझ्यापुढे धरला.

तर मंगळवार. गाडी करून गेलो, तो, मी आणि मावशी. मावशींनी त्याला इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि नळी लावलेली पाण्याची बाटली घेतली होती. तो वाटेत बोलला नाही. मी बोलत होते. खोलीत टेबलापलीकडे तिघं: अध्यक्षपदी एक अधिकारी बाई, एका संस्थेत काम करणाऱ्या पांढऱ्या केसांच्या बाई, आणि एक पस्तिशीचा माणूस, तोही चाकांच्या खुर्चीत. कायद्याप्रमाणे एक सदस्य तसा असतोच, वकील मुलीने सांगितलं होतं. मला वाटलेलं, शोभेला असेल. मावशी भिंतीपाशी स्टुलावर बसल्या. अधिकारी बाईंनी अर्ज वाचला आणि नजर उचलून मला नाही, त्याला विचारलं, "तुमच्या बहिणीने तुमचं पालकत्व मागितलंय. तुमचे व्यवहार त्या बघतील, सह्या त्या करतील, कुठे राहायचं ते त्या ठरवतील. तुम्हाला हे हवंय का?"

धाकट्याने तोंड उघडलं. ताण आला की त्याचं सगळं शरीर आधी बोलतं, पाय सरळ ताठ होतात, उजवा हात खांद्यापाशी जातो, आणि शब्द शेवटी येतात. तो बोलायला लागला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि शब्द एक एक करून माझ्यापर्यंत येत होते, ताई चांगली आहे, इथपर्यंत सगळं ठीक होतं, आणि त्यापुढचं यायला लागलं तसा मी पर्सचा पट्टा मुठीत घेतला. तो थांबला. त्याला घाम फुटला होता.

"काय म्हणाले?" अधिकारी बाई.

"ताई चांगली आहे, म्हणतोय," मी म्हटलं.

अधिकारी बाईंनी अर्जाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढंच? ते बराच वेळ बोलत होते."

"त्याला वेळ लागतो," मी म्हटलं. माझ्या आवाजात तुम्ही होतात, अण्णा. तोच मऊपणा.

तो खुर्चीतला माणूस स्वतःची खुर्ची टेबलाला वळसा घालून धाकट्याच्या समोर घेऊन आला, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि त्याला विचारलं, "साहेब, सगळं आलं का त्यात?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला साहेब म्हटलं होतं. धाकट्याने मान हलवली. नाही.

"मग पुन्हा सांगा. आम्हाला घाई नाही." आणि माझ्याकडे वळून, "ताई, पाणी घ्या. सावकाश."

मी पाणी घेतलं नाही. मावशी स्टुलावरून अर्ध्या उठल्या होत्या. धाकटा या वेळी त्या माणसाकडे न बघता माझ्याकडे बघत बोलला, एक एक शब्द सोडत, मी घेतला की पुढचा. मला खोलीबाहेर जाता आलं असतं. हे समजून घ्या की मला सगळं कळत होतं. तो जे बोलतोय ते बोलून झाल्यावर माझ्या हातात काही उरणार नाही, ना दाखला, ना मागची खोली, ना चाळीस वर्षांचं ते 'फक्त मलाच'. आणि ते माझ्याच तोंडून बाहेर यायला हवं होतं.

मी म्हटलं, "तो म्हणतोय, ताई चांगली आहे. पण सही मी करणार. मी कोपर सोडणार नाही. मला पालक नको, मला मदत हवी." पुढचं एक वाक्य उरलं होतं. तो वाट बघत होता. खुर्चीतला माणूसही. "आणि म्हणतोय, ताई माझं अर्धंच सांगते. लहानपणापासून."

पांढऱ्या केसांच्या बाईंनी चष्मा काढून पुसला. अधिकारी बाईंनी कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "करा सही." पेनाला रबर नव्हतं. मावशींनी पर्समधून हातरुमाल काढून पेनाभोवती गुंडाळला आणि त्याच्या मुठीत दिला. त्याने सुरुवात केली. तुमच्यामुळे मला सवय आहे, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन माणसं एका सहीसाठी गप्प बसली होती. बाहेर पुढच्या अर्जाची माणसं ताटकळत होती, शिपाई दोनदा डोकावून गेला, अधिकारी बाईंनी त्याला हातानेच परत पाठवलं. नावाचं शेवटचं अक्षर कागदाच्या कडेवरून घसरलं, तेवढं टेबलावर उमटलं. पाच मिनिटं लागली. सराव सुटलाय.

निकाल लेखी यायचाय, त्याआधी ते कोपरला घरी येऊन बघून जाणार आहेत, पण अधिकारी बाईंनी तोंडी सांगितलं की पालक नेमायची गरज दिसत नाही; करार त्याला वाचून दाखवायचा, सही त्याने करायची, आणि त्या वेळी त्याच्या पसंतीचं माणूस मदतीला असावं. "कोण हवंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं. धाकटा बोलला, आणि या वेळी मी तोंड उघडायच्या आत भिंतीपासून आवाज आला. "दोघी हव्यात म्हणतात," मावशी म्हणाल्या. "ताई पण आणि मी पण. एकीने गाळलं तर दुसरी सांगेल म्हणतात." खुर्चीतला माणूस खो खो हसला. धाकटाही हसला, त्याचं ते सगळं अंग हलवणारं हसणं, की खुर्चीचा ब्रेक सुटतो.

परत येताना गाडीत मी मावशींना विचारलं, "तुम्हाला कधीपासून कळतं त्याचं?"

"दादांचं? दोनेक महिन्यांत कळायला लागलं की. न कळायला काय झालं? घाई नाय केली की कळतं." त्या बाटलीचं झाकण लावत होत्या. "मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."

मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणाले. खरं म्हणजे, मागच्या दिवाळीत एकदा मी बोळातून आत येत होते आणि ते दोघं गॅलरीत कशावरून तरी भांडत होते, चांगलं तोंडाला तोंड लावून, आणि मी दारातच थांबून चप्पल वाजवली होती, म्हणजे ते थांबतील. दोन महिने, अण्णा. मी नवऱ्याला कधी शिकवलं नाही, मुलीला शिकवलं नाही, ती लहान असताना मामाच्या मांडीवर बसून त्याचं बोलणं पकडायला लागली तेव्हा मी म्हटलं, "थांब, मी सांगते." तुम्ही मला गाळायला शिकवलंत हे खरं. पण एकटीने ऐकायचं हे मी माझं मी शिकले, त्यात तुमचा हात नाही.

आज मी कोपरला आहे. भाड्याच्या दोन जागा बघून आले, एकीला दारात तीन पायऱ्या आहेत, ती त्याने फोटो बघूनच नापास केली. बांधकामाच्या तीन वर्षांत मला झोप लागणार नाही हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, माझ्यासाठी जागू नकोस, तशीही तू घोरतेस. दुपार आहे, काका जेवायला वर गेलेत, पट तसाच मांडलेला आहे आणि मला त्याला हात लावायची बंदी आहे. आईच्या डब्यात ती हजेरीची कार्डं मिळाली, दोरीसकट. हे सगळं मी त्यातल्याच उरलेल्या कोऱ्या कार्डांवर लिहिलंय, म्हणून अक्षर बारीक आहे. लिहून झालं की त्याच गठ्ठ्यात परत बांधून ठेवणार, तुम्हाला ते पोचल्यासारखंच.

मघाशी त्याने विचारलं, काय लिहितेस एवढं. मी म्हटलं, अण्णांना लिहितेय. तो म्हणाला, माझंही एक वाक्य घाल. मी म्हटलं, सांग, सगळं घालते. त्याने सांगितलं ते असं: "अण्णांना सांग, चार मिनिटं लागत होती. थांबायला हवं होतं."

वाक्य पूर्ण आहे, काही गाळलेलं नाही. फक्त 'अण्णांना' हा शब्द माझा. तो 'म्हाताऱ्याला' म्हणाला होता.